कोलेस्टेरॉलची गोळी: मिस्टरांचं उत्तर वेगळं, तुमचं वेगळं

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४९, शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना (वय ५७) हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. तेव्हापासून त्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० चालू होतं. मार्चमधल्या रिपोर्टात त्यांचं एलडीएल ६२ आलं होतं. माझे वडील ५२व्या वर्षी अटॅकनेच गेले, म्हणून मीही तपासून घेतलं. टोटल कोलेस्टेरॉल २५०, एलडीएल १६८, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १९०. एचबीए१सी ६.०, बीपी १३४/८४. डॉक्टरांनी मला रोसुवास्टॅटिन १० दिलं. तीन आठवड्यांत दोन्ही पोटऱ्या दुखायला लागल्या. त्याच सुमारास नणंदेने एक व्हिडिओ पाठवला. त्यात सांगितलंय की या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं, शुगर होते, विसरभोळेपणा येतो, मेंदूच मुळी कोलेस्टेरॉलचा बनलेला असतो आणि हा सगळा कंपन्यांचा बाजार आहे. ते पाहून दोघांनीही दिवाळीपासून गोळी बंद केली. आता अर्जुनसालीचा काढा आणि लसूण घेतो. आमच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही, रागावतील म्हणून. गोळी पुन्हा सुरू करावी का? हो किंवा नाही, एवढंच सांगा.

एक वाचक, कराड

उत्तर:

ताई, तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्याची उत्तरं दोन आहेत. तुमच्या मिस्टरांसाठी स्पष्ट ‘हो’, आणि तेही आजच. तुमच्यासाठी माझा कल ‘हो’कडे आहे, पण तिथे घाई नाही. आधी दोन-तीन तपासण्या करायच्या, मग ठरवायचं. गोळी एकाच जातीची असली तरी तिच्यापासून तुम्हा दोघांना मिळणारा फायदा सारखा नाही.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. उठा आणि मिस्टरांनी बंद केलेल्या गोळीची स्ट्रिप आणा. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधांची नावं असतात. तिथे फक्त अ‍ॅटोरव्हास्टॅटिन लिहिलंय, की त्याच्यासोबत अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलही लिहिलंय? आपल्याकडे स्टेंट बसवलेल्या कितीतरी रुग्णांना ही दोन-तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये दिलेली असतात. घरात तिला सगळे ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतात. ती बंद केली की रक्ताची गुठळी रोखणारं औषधही बंद होतं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या पत्रात रक्त पातळ करणाऱ्या वेगळ्या गोळीचा उल्लेख नाही, म्हणून मला ही काळजी वाटते. स्ट्रिपवर त्यांपैकी एखादं नाव असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावा. फोन लागला नाही तर उद्या सकाळी स्ट्रिप घेऊन त्यांच्या दवाखान्यात जा.

स्ट्रिपवर नुसतं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असलं तरी फोन करायचाच. स्टेंटने एका रक्तवाहिनीतली एक जागा मोकळी केली. हृदयाच्या बाकीच्या रक्तवाहिन्या त्याच आहेत आणि त्यांच्या भिंतींत साठलेली चरबीही तिथेच आहे. अटॅक येतो तो बहुतेकदा असा एखादा थर फुटून त्यावर गुठळी झाल्याने. तुम्हा दोघांच्या गोळ्या ज्या जातीच्या आहेत ते स्टॅटिन रक्तातलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साठणारं वाईट कोलेस्टेरॉल, उतरवतं, आणि त्यामुळे असे थर हळूहळू घट्ट होतात, सहजासहजी फुटत नाहीत. गोळी थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या पातळीवर जातं. मार्चचं ६२ आता राहिलेलं नाही, हे धरून चाला.

फायदा किती, ते आकड्यांत सांगते. १९९४ साली स्कँडिनेव्हियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) असलेले किंवा अटॅक येऊन गेलेले ४,४४४ रुग्ण त्यात होते. अर्ध्यांना सिम्वास्टॅटिन दिलं, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. साधारण साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ माणसं दगावली आणि औषधाच्या गटात १८२. शेकड्यात सांगायचं तर मृत्यू १२ वरून ८ वर आले. त्यानंतर अशा अनेक चाचण्या झाल्या. त्यांचा एकत्रित हिशेब ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मांडलाय. आधीच हृदयविकार असलेल्या १०,००० माणसांचं एलडीएल साधारण ७७ अंकांनी उतरवून ते पाच वर्षं तसं ठेवलं, तर सुमारे १,००० जणांचा अटॅक, पक्षाघात किंवा बायपास-अँजिओप्लास्टीची वेळ टळते. आता त्याच १०,००० माणसांत तोटा किती? स्नायूंची खरी इजा सुमारे पाच जणांना. नव्याने मधुमेह पन्नास ते शंभर जणांना. मेंदूत रक्तस्राव पाच ते दहा जणांना. तुमचे मिस्टर या माणसांपैकीच एक आहेत. त्यांच्यासाठी मला फार विचार करावा लागत नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण बऱ्याच घरांत विचारतात म्हणून सांगते: एलडीएल ६२ म्हणजे फार खाली गेलं का? नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शनात त्यांच्यासारख्या रुग्णांसाठी ५५च्या खाली हे उद्दिष्ट आहे. २०१७ साली २७,५६४ हृदयरुग्णांवर झालेल्या एका चाचणीत इंजेक्शनने एलडीएल ३०पर्यंत उतरवलं होतं. तिथेही त्यांच्या स्मरणशक्तीवर परिणाम दिसला नाही, अटॅक मात्र कमी झाले. तेव्हा मिस्टरांचे डॉक्टर गोळी कमी करण्याऐवजी तिच्या जोडीला इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी सुचवतील, अशी शक्यता आहे. घाबरू नका.

आता तुमच्याकडे येते.

तुम्हाला अजून हृदयविकार झालेला नाही. तो होऊ नये म्हणून ही गोळी आहे. इथे सगळं यावर अवलंबून असतं की मुळात तुमचा धोका किती. तुमचे आकडे अमेरिकन डॉक्टर वापरतात त्या कॅल्क्युलेटरमध्ये घातले तर पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता दोन-अडीच टक्के येते. म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जणींपैकी दोघी-तिघी. या हिशेबाने तुम्हाला गोळीची गरज नाही असं कुणी म्हणालं तर तो डॉक्टर चुकीचा ठरत नाही.

पण मी एवढ्यावर थांबणार नाही, कारण त्या कॅल्क्युलेटरला तुमचे वडील माहीत नाहीत. वडील किंवा भावाला ५५च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घराण्यातला धोका धरतात. वडील ५२व्या वर्षी गेले. एचबीए१सी ६.० म्हणजे साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमी; ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, जास्त. आणि आपण भारतीय. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४ साली आला. त्यात दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकी जगाच्या मानाने पाच-सहा वर्षं लवकर येतो, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी. अमेरिकेतल्या २०१८च्या मार्गदर्शनातही दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवलाय. त्यामुळे तुमचा खरा धोका त्या अडीच टक्क्यांच्या दुप्पट असला तरी मला नवल वाटणार नाही.

दुप्पट, म्हणजे पाच टक्के धरू. रोसुवास्टॅटिनने तुमचं १६८ साधारण ९०-९५ वर येईल. एवढ्या घसरणीने धोका जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे पाचाचे तीन. तुमच्यासारख्या शंभर बायकांनी दहा वर्षं रोज गोळी घेतली, तर दोघींचा अटॅक किंवा पक्षाघात टळेल. पंचाण्णव जणींना तो तसाही होणार नव्हता, आणि तिघींना गोळी घेऊनही होईल. हा ढोबळ हिशेब आहे, पण अंदाज देण्यापुरता खरा आहे. ‘धोका चाळीस टक्क्यांनी कमी’ आणि ‘शंभरात दोघी’ ही दोन्ही वाक्यं एकाच गोष्टीची आहेत. गोळीची बाजू घेणारे पहिलं सांगतात, विरोध करणारे दुसरं. ठरवताना दोन्ही समोर असायला हवीत.

शंभरात दोघी हे थोडं वाटलं, तर त्यात गैर नाही. काहींना ते पुरेसं वाटतं, काहींना नाही. मात्र तुम्ही ४९ वर्षांच्या आहात आणि रक्तवाहिन्यांतलं साठणं दहा वर्षांनी थांबत नाही. पाळी जाण्याच्या काळात बायकांचं एलडीएल आणखी चढतं. साठी-सत्तरीपर्यंतचा विचार केला की गोळीचं पारडं जड होत जातं. माझा कल ‘हो’कडे आहे तो यामुळे.

आता पोटऱ्यांचं दुखणं. माझ्याकडे गोळी सोडून येणाऱ्यांपैकी बहुतेक जण हेच कारण सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टॅटिनने स्नायू दुखतात, हे खरं आहे. पण नेमकं किती जणांना? ज्या चाचण्यांत कुणाला खरी गोळी मिळतेय आणि कुणाला खोटी हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही, तिथले आकडे २०२२ साली एकत्र केले गेले. सव्वा लाखाच्या आसपास माणसं होती. साधारण चार वर्षांत खऱ्या गोळीच्या गटात २७.१ टक्के लोकांनी स्नायूदुखीची तक्रार केली, आणि खोट्या गोळीच्या गटात २६.६ टक्के लोकांनी. चाळिशी-पन्नाशीनंतर हातपाय बऱ्याच जणांचे दुखतात. गोळी चालू असली की दुखण्याचं खापर तिच्यावर फुटतं. जो थोडा फरक होता तो मुख्यतः पहिल्या वर्षात दिसला. हजारात अकरा जण, एवढाच.

दुसरा प्रयोग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधला. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं त्यांनी घेतली. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली बाटली उघडायची ते ठरवून दिलेलं, पण गोळ्यांच्या बाटल्यांपैकी कुठलीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोज किती त्रास झाला ते फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता. गोळीच्या महिन्यांत तो वाढला, पण स्टॅटिन असो वा खोटी गोळी, जवळजवळ सारखाच. स्टॅटिनच्या त्रासातला नव्वद टक्के वाटा खोट्या गोळीनेही होत होता. हे निकाल दाखवल्यावर त्यांच्यातल्या अर्ध्या लोकांनी औषध पुन्हा सुरू केलं.

याचा अर्थ तुमचं दुखणं मनाचे खेळ आहेत असा घेऊ नका. त्या साठ जणांना खरंच दुखत होतं. गोळीने त्रास होणार ही धास्ती शरीरात खरं दुखणं उभं करू शकते, आणि तुम्हाला तर व्हिडिओ त्याच दिवसांत आला होता. शिवाय तुम्ही शिक्षिका आहात. दिवसभर वर्गात उभं राहून पोटऱ्या भरून येतात, त्याला गोळी लागत नाही. स्टॅटिनचं दुखणं सहसा मांड्या, नितंब, खांदे अशा मोठ्या स्नायूंत आणि दोन्ही बाजूंना सारखं असतं. जिना चढताना, खालून उठताना पाय भरल्यासारखे होतात, आणि गोळी थांबवली की काही आठवड्यांत ते निवळतं. मला हे कळवा: दिवाळीपासून गोळी बंद आहे, तर पोटऱ्या दुखायच्या थांबल्या का? अजूनही दुखत असतील तर गोळी निर्दोष आहे. थांबल्या असतील तर गोळीवर संशय धरू, पण शिक्का नाही मारणार.

आणि थायरॉइड तपासलंत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. टीएसएच ही साधी रक्ततपासणी आहे. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यानेच चढतं, पायात गोळे त्यानेच येतात, आणि स्टॅटिनचा स्नायूंना होणारा त्रासही त्याने वाढतो. पन्नाशीच्या आसपासच्या बाईला कोलेस्टेरॉलची गोळी देण्याआधी टीएसएच पाहायलाच हवा, आणि तो न पाहता चिठ्ठी लिहिली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. कधीकधी थायरॉइडचं औषध सुरू केल्यावर एलडीएल आपोआप उतरतं आणि दुसऱ्या गोळीची गरजच उरत नाही. त्याच रक्तात सीपीकेही पाहा. स्नायूंना खरी इजा असेल तर तो आकडा बराच वाढलेला सापडतो. एक लक्षण मात्र कधीच अंगावर काढायचं नाही: स्नायूंत कमालीचं दुखणं, ताकद जाणं आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होणं. हे फार क्वचित होतं, पण झालं तर गोळी तिथल्या तिथे बंद करून हॉस्पिटल गाठायचं.

व्हिडिओतल्या बाकी गोष्टींत मधुमेहाचा मुद्दा खरा आहे. तो मी टाळणार नाही, कारण तुमचा एचबीए१सी सहा आहे. २०१० साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं तेव्हा दिसलं की २५५ माणसांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर त्यांच्यात एक जास्तीचा मधुमेही निघतो. तो बहुतेकदा असतो आधीच काठावर असलेला, तुमच्यासारखा. रोसुवास्टॅटिनच्या एका मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्यांना मधुमेहाचं निदान सरासरी पाच आठवडे लवकर झालं. जे होऊ घातलंय ते गोळी थोडं पुढे ओढते, असं मी याकडे पाहते. त्याच चाचणीत मधुमेहाचा धोका असलेल्या लोकांमध्ये ५४ जास्तीचे मधुमेही झाले आणि त्या बदल्यात १३४ अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू टळले. हा सौदा मला मान्य आहे, पण तो तुम्हालाही मान्य आहे का, हे तुम्हाला विचारूनच गोळी द्यायला हवी होती. गोळी घेतलीत तर वर्षातून एकदा एचबीए१सी करायचा, आणि वजन दोन-चार किलो उतरवलंत तर गोळीने चढणाऱ्या साखरेपेक्षा जास्त साखर त्यानेच उतरेल.

लिव्हरचं भय मात्र अवाजवी आहे. सुरुवातीला एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) थोडा वाढतो आणि पुष्कळदा आपोआप खाली येतो. नॉर्मलच्या तिपटीहून वर गेला तरच थांबून विचार करतात. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आलं म्हणून गोळी सोडणारे भेटतात. फॅटी लिव्हरवाल्यांचा हृदयाचा धोका उलट जास्त असतो, त्यांनी तर सोडूच नये.

मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असतं, हे व्हिडिओने बरोबर सांगितलं. पण मेंदू ते स्वतः तयार करतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरतच नाही. सत्तर ते ब्याऐंशी वयाच्या लोकांवर प्रावास्टॅटिनची चाचणी झाली, तिथे स्मरणशक्तीत फरक आढळला नाही.

कंपन्यांचा बाजार? औषध कंपन्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं मी कधीच म्हणणार नाही. या चाचण्यांपैकी बहुतेकींना पैसा कंपन्यांनीच पुरवला होता. म्हणूनच मला एक वेगळा पुरावा जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत काही कृष्णवर्णीय लोकांमध्ये जन्मतः एक जनुकीय फरक असतो, त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर २८ टक्क्यांनी कमी राहतं. कुणी गोळी दिली नाही, कुणी काही विकलं नाही. पंधरा वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी निघाला. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. एलडीएल कमी असणं हृदयाला मानवतं, हे त्यातून कुठल्याही कंपनीच्या मदतीवाचून कळतं. आज अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिनची पेटंटं संपली आहेत. जनऔषधी केंद्रात या गोळ्या अगदी स्वस्तात मिळतात. आणि ‘केमिकल’ म्हणून भीती वाटत असेल तर ऐका: पहिलं स्टॅटिन अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बुरशीतून काढलं, क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या. त्यासाठी त्यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या होत्या.

अर्जुनसाल आणि लसूण. लसणाने एलडीएल थोडंसं उतरतं. अर्जुनसालीने अटॅक टळतात असं दाखवणारी, वर सांगितल्यासारखी एकही मोठी चाचणी नाही. लसूण फोडणीत खुशाल घाला. काढा घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा, कारण मिस्टरांची बाकी औषधं चालू असतील. पण स्टेंटवाल्या माणसाने गोळीच्या जागी काढा घेणं हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही.

जेवणाने होणारा फरक मी कमी लेखत नाही, आणि तुम्हाला त्यासाठी वेळही आहे. डालडा, बेकरीचे खारी-बटर-नानकटाई, पाम तेलात तळलेलं फरसाण, चहातली साय, हे तीन महिने बंद करा. रात्री एक-दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या, त्याने एलडीएल काही टक्के उतरतं हे नीट तपासलं गेलंय. मटकी, हुलगे, चवळी पानात रोज असू द्या. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला. या सगळ्याने एलडीएल दहा ते पंधरा टक्के उतरतं. म्हणजे तुमचं १६८ साधारण १४५ वर येईल. ट्रायग्लिसराइड आणि साखर त्याहून जास्त सुधारेल. गोळी घेतलीत तरी हे करायचंच आहे.

तर तुमचा क्रम असा. या आठवड्यात टीएसएच आणि सीपीके. त्याबरोबर लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला चरबीचा एक कण) ही तपासणी एकदाच करून घ्या. ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते, जन्मतः ठरलेली असते, आणि वडील तरुणपणी गेले असतील अशा घरात ती हमखास पाहावी. ५० मिलिग्रॅमच्या वर आली तर माझा निर्णय झाला, गोळी घ्या. ती कमी असेल तर जेवण आणि चालणं तीन महिने मनापासून करून लिपिड पुन्हा तपासा. त्यासाठी उपाशीपोटी जायलाच हवं असं नाही. तरीही एलडीएल १३०च्या वर राहिलं आणि मन द्विधाच असेल, तर छातीचा सीटी कॅल्शियम स्कोअर करता येतो, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम किती साठलंय ते त्यातून कळतं. शून्य आला तर गोळी काही वर्षं लांबवायला माझी हरकत नाही. या वयातल्या बाईच्या रक्तवाहिन्यांत शंभर सोडा, वीस-तीस जरी कॅल्शियम सापडलं, तरी लांबवू नका.

आणि घ्यायची ठरली तर दहाऐवजी पाच मिलिग्रॅमने सुरुवात करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुवास्टॅटिनची पातळी गोऱ्या लोकांच्या जवळपास दुप्पट जाते. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकातच आशियाई रुग्णांना पाचने सुरू करा असं लिहिलंय. पाचनेही एलडीएल चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरतं. पुढे डोस दुप्पट केला की फायदा जेमतेम सहा टक्क्यांनी वाढतो, त्रासाची शक्यता मात्र वाढते. पाचही सोसवलं नाही तर एक दिवसाआड घेता येतं, औषध बदलता येतं, इझेटिमाइब आहे. ज्यांना कुठलंच स्टॅटिन मानवत नाही त्यांच्यासाठी बेम्पेडोइक अ‍ॅसिडही आहे. २०२३ साली अशा जवळपास चौदा हजार लोकांवरच्या चाचणीत त्याने हृदयविकाराच्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या.

मिस्टरांसाठी आणखी एक. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल किंवा घशासाठी, छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन कुणी लिहून दिलं, तर ‘मी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेतो’ हे त्या डॉक्टरला आधी सांगायचं. ही औषधं अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी चढवतात आणि स्नायूंची इजा बहुधा अशा वेळी होते. गजकर्णाच्या गोळ्या आपल्याकडे मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगते. ग्रेपफ्रूटचा रस आणि आपलं पपनस यांचंही तसंच आहे. एखादी फोड चालेल, रोजचं खाणं नको.

आता डॉक्टर रागावतील याचं. रागावले तर रागावू द्या, पण सांगा. तुम्ही गोळी घेताय असं समजून ते पुढचा रिपोर्ट पाहतील, एलडीएल वाढलेलं दिसेल आणि ते डोस वाढवतील. असं दर महिन्याला कुठे ना कुठे घडतं. जाताना रिपोर्ट, दोन्ही स्ट्रिपा आणि हे पान घेऊन जा. ‘माझा दहा वर्षांचा धोका किती, आणि गोळीने तो कितीवर येईल?’ एवढं विचारा. उत्तर द्यायला त्यांना पाच मिनिटं लागतील. ती पाच मिनिटं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि बाहेर पेशंट ताटकळत असले तरी ती देणं आम्हा डॉक्टरांचं काम आहे.

मुलंबाळं आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील आणि विशी ओलांडलेली असतील तर त्यांचंही एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्या. त्यांच्या दोन्ही बाजूंनी हा आजार आहे. कुणाचं एलडीएल १९०च्या वर निघालं तर तीन महिने वगैरे वाट न पाहता थेट हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.